एका घराचं एक कुलूप

मामांचा हात आधी उठायचा, तोंड मागून उघडायचं. वीजघरात पंपवाल्यापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांच्या हातचा प्रसाद खाल्ला होता. मी सख्खा भाचा, मला दुप्पट मिळाला.

नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाभोवती माणसाएवढी पोलादी पाती उभी असतात. तेलाचा दाब दिला की ती मिटतात. म्हणून पाणी अडवून आत दुरुस्तीला उतरणाऱ्या प्रत्येकाने तेलाच्या व्हॉल्व्हला आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. सगळी कुलपं निघाल्याशिवाय दाब द्यायचा नाही. मामांनी जावयाला कामावर लावलं आणि त्याचं कुलूप पहिल्याच दिवशी कपाटात टाकलं. जोडीने उतरायचं, जोडीने चढायचं, एका घराला दोन कुलपं कशाला, म्हणाले. आम्ही हसलो. अडवून मार कोण खाणार?

त्या दिवशी दोघं आत पाती घासत होते. घरजावयाला जपा, झिजेल, असं क्रेनवाला वरून ओरडला. मामा ताडकन वर आले आणि त्याचं नाक फोडलं. त्याने मामांच्या डोक्यात साखळी घातली. आम्ही त्यांना सोडवेपर्यंत फरशी लाल झाली होती. साहेबांनी दोघांनाही घरी जायला सांगितलं. मामांचं डोकं फिरलेलंच होतं. तणतणत गेले, व्हॉल्व्हचं कुलूप काढून भिरकावलं आणि दाराकडे निघाले.

व्हॉल्व्ह मोकळा दिसला तसा पंपवाल्याने दाब दिला. खालून जावयाची किंकाळी आली.

मामा मागे धावले. हातोडा उचलून तेलाच्या नळीवर घाव घालत सुटले. नळी फुटली, गरम तेल तोंडावर उडालं, तरी थांबेनात. पाती थांबली, पण जावयाच्या एका पायाचा गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला होता. तोच हातोडा मामांच्या टाळक्यात घालावा, इतका मला त्यांचा संताप आला.

दवाखान्यात मुलगी त्यांच्याशी बोलेना. तरी ते रोज खाटेशेजारी जाऊन बसायचे. एकदा जावयानेच विचारलं, "मामा, मी आत आहे हे तुमच्या लक्षात होतं ना?"

"नव्हतं, बापू."

त्याने हाताशी असलेला स्टीलचा पेला फेकून मारला. मामांची भुवई फाटली. ते वाकले, पेला उचलून धुतला, पाणी भरून परत त्याच्या हाताशी ठेवला आणि खुर्ची न सरकवता तिथेच बसले.