आसरांचा दगड

नदीवर बोलायला आमच्या कचेरीत माझ्याइतका तोंडाळ माणूस नव्हता. काम नकाशे गिरवायचं, पण आव असा की गोदावरी मला विचारूनच वाहते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नाशिक नदीच्या दोन्ही अंगांनी पसरू लागलं, तेव्हा काठाला पुराची रेषा आखायची आणि तिच्या आत कुणालाही घर बांधू द्यायचं नाही, असं ठरलं. "नदीला तिची जागा सोडा," हे मी टपरीवरसुद्धा ऐकवायचो. लोक अर्धा चहा टाकून उठायचे.

अडचण एवढीच की माझा स्वतःचा प्लॉट काठावरच होता. तो घेताना माझ्या डोळ्यांपुढे रेषा नाही, खिडकीतून दिसणारं पाणी होतं.

आमच्या साहेबांनी सोपी रीत काढली. काठावरचे लोक पुराची जी खूण मानतात, तीच धरायची. प्लॉटशेजारी एक म्हातारी वांगी-मेथी लावायची, आणि तिथली खूण म्हणजे तिच्या आसरांचा दगड. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी जिथवर आलं, तिथे तिच्या सासऱ्याने शेंदूर फासून तो दगड ठेवला होता. त्याच्या खाली कुणी खुंटीसुद्धा ठोकत नसे. माझा प्लॉट त्याच्या खाली, पुरता आत होता.

साहेब सोमवारी येणार होते. म्हातारी लेकीकडे हरसूलला गेलेली. रविवारी भर दुपारी मी, नदीचा कैवारी, तो दगड पोटाशी धरून तीसेक पावलं खाली नेला. तळाशी एका बाजूला हात घालायला छान खोबण होती. कंबर धरली ती फायली उचलून, असं बायकोला सांगितलं. सदऱ्यावरच्या शेंदराचं तिने विचारलंच नाही. मी देवधर्माला लागलो म्हणून ती बिचारी खूश होती.

साहेब मोजून गेले. म्हातारी परत आली तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीत होतो. तिने दगड पाहिला, हात जोडले आणि मला म्हणाली, "आसरा आपल्या पायानं खाली आल्या, साहेब. आता पाणी हितवरच येनार."

त्या उन्हाळ्यात तिने झोपडी खाली आणली, दगडाच्या जराशी वर. वाफ्यांना पाणी घालायला तिला जवळ पडत होतं. खरं सांगायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिने मला वांगी दिली आणि मी वांगी घेऊन घरी आलो. भरली वांगी फार छान झाली, हेही सांगून टाकतो.

माझं घर झालं. तिसऱ्या वर्षी त्र्यंबककडे पाऊस कोसळला आणि नदी आत आली. आमच्या घरात कंबरभर पाणी. म्हातारी हाती लागेल ते घेऊन वर पळाली. तिची झोपडी गेली, दोन शेळ्या दाव्यासकट गेल्या. पाणी थांबलं ते बरोबर दगडाच्या जुन्या जागेवर.

पूर ओसरल्यावर ती माझ्याकडे आली. "आसरांचं चुकलं नाय. माझंच कायतरी चुकलं असन. त्यांना वर नेऊ, धरा जरा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दगड अर्धा गाळात रुतला होता. ती कुठे धरावं म्हणून चाचपडत होती. मी वाकलो आणि न बघता चिखलात हात घालून नेमकी ती खोबण धरली.

तिचा हात थांबला. ती आधी माझ्या हाताकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग आम्ही दोघांनी दगड वर नेला. त्या तीस पावलांत मी सगळं सांगून टाकलं. दगड जागेवर टेकल्यावर तिने पदराने त्याचा चिखल पुसला.

"शेळ्या लय गरीब व्हत्या माझ्या," ती म्हणाली.