नखाएवढी वाढ

समुद्रात प्रवाळाची लागवड करणाऱ्या केंद्रात तिला सगळे पाणबुडीताई म्हणत. नवरा म्हणायचा, नाव चोख आहे, दिवसभर पाण्याखाली असते आणि वर आली की तोफ डागते. वीस वर्षं तिचं काम एकच होतं. टाकीत वाढवलेले बोटभर तुकडे घेऊन खाली जायचं, खडक ब्रशने घासायचा आणि तुकडा सिमेंटने चिकटवायचा. मान आखडायची, कान ठणकायचे.

असे लावलेले चार हजार तुकडे एका उन्हाळ्यात गेले. प्रवाळ हा जीवच असतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते त्याला रंग देतं आणि पोसतंही. पाणी फार तापलं की शेवाळ बाहेर पडतं, मग प्रवाळ पांढराफटक होतो आणि उपासमारीने मरतो. ताई रोज खाली जाऊन मेलेले मोजायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. नवऱ्याने एकदाच विचारलं, सोडून देतेस का? दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी कामावर गेली. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

मग केंद्रात नवी शास्त्रज्ञ आली, ताईच्या मुलीच्या वयाची. मेले ते मेले, तगलं कोण ते सांगा, असं ती म्हणाली. ताईने तिला जुन्या धक्क्यामागे नेलं. तिथलं उथळ पाणी दुपारी कोमट व्हायचं. त्यात बटाट्यासारखे ओबडधोबड प्रवाळ होते, कुणी ढुंकूनही न पाहिलेले. ते जिवंत होते. साठांचे तुकडे काढून त्यांनी टाक्यांत ठेवले आणि पाणी तासातासाने तापवत नेलं. हीटरचं बटण ताईच फिरवत होती. आपल्याच हातांनी उकडायचं म्हणजे काय, असं ती पुटपुटायची. साठांपैकी अकरांनी रंग सोडला नाही. त्या अकरांपासून नवी रोपं करायचं ठरलं.

केंद्रप्रमुखांना ते पटेना. हे वर्षाला जेमतेम नखाएवढं वाढणार, पाहुण्यांना दाखवायचं काय? भराभर वाढणारी फांद्यांची जातच लावा, असं त्यांचं म्हणणं.

ताई खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही. "साहेब, ती जात मीच लावली होती. मेलेली मोजलीही मीच. पुन्हा मोजायला मी खाली जाणार नाही."

साहेबांनी कागद पुढे ओढला. शेवटी निम्मे-निम्मे ठरले, दोन्हींचे तीनशे-तीनशे तुकडे.

चौथ्या वर्षी पाणी पुन्हा तापलं. तोवर कानाचा पडदा फाटल्यामुळे डॉक्टरांनी ताईची बुडी कायमची बंद केली होती. ती टाक्या घासत होती तेव्हा शास्त्रज्ञ ओल्या अंगानेच पाण्याखाली नोंदी लिहायची पाटी घेऊन आली. फांद्यांचे नऊ उरले होते, बटाट्यांचे एकशे नव्वद.

ताईने आकडे परत वाचायला लावले आणि पालथ्या बादलीवर बसली.

"तुमचं खरं ठरलं, ताई."

"एकशे दहा गेलेच की," ताई म्हणाली. थोड्या वेळाने तिने सांगितलं, की पाणी निवलं की या एकशे नव्वदांतून पुढची रोपं काढायची, आणि नोंद तिथल्या तिथे करायची, नाहीतर कोण कुठलं ते कळत नाही.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चांगलं झालं ना?"

"झालं," ती म्हणाली. "पण आता दोन तास मला कुणी हाक मारू नका." आणि कामाच्या कपड्यांतच ती आडवी झाली.