झिऱ्यावरची बाई

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. दुष्काळात सहकारी संस्थेची जीप घेऊन आम्ही संचालक पाटोद्याकडच्या अभयारण्यात मोर बघायला निघालो होतो. कोरड्या नदीच्या वाळूत मी हौसेनं चारही चाकांचा गिअर टाकून गाडी दामटली आणि एका बाईनं पाण्यासाठी उकरलेला झिरा चाकाखाली ढासळला. ती वाटीनं घागर भरत बसली होती. घागर अजून अर्धीही झाली नव्हती.

ती ओरडली नाही. वाटीतली वाळू झटकत म्हणाली, “दादा, माघारी बी ह्याच वाटेनं येणार का? तसं असलं तर दुसरीकडं उकरते.”

मागं बसलेलं कुणीतरी हसलं. मी विचारलं, “मोर कुठं दिसतात?”

तिनं वाटी धरलेला हात टेकडीकडं केला.

‘चुकलं माझं’ म्हणायला मी त्या वाटेनं माघारी आलोच नाही.