वाघासाठी गाऱ्हाणं
नव्या फ्लॅटचं दार उघडलं, ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि मला थेट तो वाघ आठवला. आई गेल्यावर मी वडिलांना गावाहून मुंबईजवळ नवघरला माझ्याकडे आणलं होतं. दिवसभर ते गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत राहायचे. मुंबईचं प्राणिसंग्रहालय नवं केलंय, नवे प्राणी आलेत असं ऐकलं, म्हणून एका रविवारी त्यांना घेऊन गेले. सगळीकडे ताज्या रंगाचा वास होता. जुने गज काढून मोठी काच लावली होती; आत सिमेंटचे खडक आणि नळाचा धबधबा, म्हणे जंगलासारखं. नवा वाघ लोकांकडे पाठ करून बसला होता आणि पोरं काचेवर थापा मारत होती. वडिलांनी चपला काढल्या, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो लांबसून एकटाच आलाय, ह्याला हितं करमू दे रे म्हाराजा!" आणि ते थांबले. ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. लोक हसले. सिक्युरिटीवाला म्हणाला, "काका, आगे चलो." वडील हलेनात. शेवटी मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." तेव्हा कुठे त्यांनी चपला घातल्या. आता वडीलही नाहीत. नव्या घरात मी देवापुढे नारळ ठेवला, त्यांच्यासारखंच मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, आणि त्यांच्यासारखीच थांबून राहिले.