हाकाऱ्याला धावून येणारे लावे

"हाऽऽऽ हो! हाऽऽऽ हो!"

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ही आरोळी उठली, की नवखा माणूस दचकून बाजूला व्हायचा आणि मी उठून भरड्याचं पोतं काढायला लागायचो. माझं कोंबडीखाद्याचं दुकान आहे. ही आरोळी म्हणजे मामा आल्याची वर्दी. दुकानात शिरताना चारचौघांसारखं "काय चाललंय" म्हणणं त्यांना बहुधा कमीपणाचं वाटत असावं.

सगळेच त्यांना मामा म्हणत, तेव्हा आपणही मामाच म्हणू. उचगावात घरामागं त्यांची शेड होती आणि शेडमध्ये लावे. कोंबडीच्या पिलाएवढा, गोल, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी. रानातल्या लाव्याला हात लावायला बंदी आहे. हे जपानी जातीचे, पाळलेले. कोल्हापूरकराला अधूनमधून मटणाचा कंटाळा येतो म्हणे. असा कोल्हापूरकर मी अजून पाहिलेला नाही, पण त्याच्यासाठी हॉटेलवाले मामांकडून लावे नेत.

मामांचे आजोबा राजेरजवाड्यांच्या शिकारीत हाकाऱ्याला जायचे. ओरडत रान झोडपायचं, जनावर उठवायचं आणि बंदुकीपुढं आणून सोडायचं. पुढं शिकार बंद झाली, आरोळी तेवढी घरात राहिली. "आमी शिकारीच्या घराण्यातलं, पावणं!" हे वाक्य मामांच्या तोंडून रोज एकदा तरी निघायचंच.

"मामा, तुम्ही स्वतः काय मारलंय?" मी मुद्दाम विचारायचो.

"ढेकूण," मामा म्हणायचे. "पर घराणं शिकारीचंच की."

एवढी खानदानी आरोळी वापरायची कुठं? मामा ती लाव्यांना खाणं घालताना वापरत. सकाळ-संध्याकाळ शेडच्या दारात उभं राहून हाकारा घालायचा आणि मग भरडा टाकायचा. हॉटेलवाल्यांसाठी पक्षी उचलायचे असले तरी तोच हाकारा. सगळे एका कोपऱ्यात गोळा होत आणि पेटीत भरणं सोपं जाई. त्यात वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग एके दिवशी मामा दुकानात आले ते आरोळी न देताच. आनंदानं आवाज बसल्यासारखा झाला होता. माळावर कुणीतरी कुंपण घालून बड्या लोकांसाठी क्लब काढला होता. पाळलेले लावे गवतात सोडायचे, पाहुण्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं टिपायचे. कायद्यात ते कितपत बसत होतं देव जाणे. मालक म्हणाला होता, पक्षी तुमचे आणि हाकाराही तुमचाच.

"आज्ज्यानंतर मीच," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "चला तुमीबी. आपल्या घरातला हाकारा ऐकाय कोनतरी नगं व्हय?"

मी गेलो. शिकारीनंतर जेवण आहे हेही मला कळलं होतं, ते कशाला लपवू?

मामा आजोबांचा फेटा बांधून आले होते. फेटा जुना, त्याचा रंग उडालेला, पण मान अशी ताठ की मला चेष्टा करवेना. लावे गवतात सोडले. सात-आठ पाहुणे ओळीत उभे राहिले. मामा पार पलीकडच्या टोकाला गेले. तिथून ओरडत पुढं यायचं आणि पक्षी पाहुण्यांच्या दिशेनं उडवायचे, असा बेत होता. मालकानं हात वर केला.

"हाऽऽऽ हो! हाऽऽऽ हो!"

आयुष्यात इतका चांगला हाकारा त्यांनी कधी घातला नसेल. माझ्या अंगावर काटा आला. गवत हललं. एकही पक्षी उडाला नाही. सगळे पाहुण्यांकडे पाठ करून, गवतातून तुरुतुरु धावत मामांकडे निघाले. खाण्याची वेळ झाली होती ना!

मामांना आधी कळेचना. त्यांनी आणखी जोरानं हाकारा घातला. मग राहिलेलेही आले. कुणी पायावर चढलं, कुणी धोतराला चोच मारू लागलं.

"मामा, बाजूला व्हा!" मालक ओरडला. एका पाहुण्यानं बंदूक खांद्याला लावलेली होती.

मामांनी पायांकडं पाहिलं. लाव्यांनी माना वर केल्या होत्या. मामा एक पाऊल मागं सरले, लावेही तेवढेच त्यांच्याकडं सरकले. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मी तो पाहिला, म्हणून सांगतो. जन्मभर वाट पाहिलेला दिवस हातचा चालला होता आणि ते त्यांना समजलं होतं. मग ते सावकाश खाली, पक्ष्यांच्या मधोमध बसले.

"बंदूक खाली घ्या, सायेब. माझ्या हाकंवर आल्यात ही. हाक मारून बोलावल्याल्या पावण्याला कोन मारतं व्हय?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले आणि बंदुका खाली आल्या. मालक तेवढा हसला नाही. जेवणात तांबडा-पांढरा मिळाला, माझी तक्रार नाही.

परतताना टेम्पोत, पेट्यांत परत भरलेल्या लाव्यांच्या कलकलाटात मी हळूच म्हटलं, "आजोबा काय म्हणाले असते, मामा?"

मामांनी फेटा सोडून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "आज्ज्याच्या हाकाऱ्यानं जनावर लांब पळायचं. माझ्या हाकाऱ्यानं जवळ येतंय. आता तुमीच सांगा, मोठा कोन?" आणि स्वतःच खो खो हसले.

लावे विकणं त्यांनी सोडलं नाही, पोट होतंच. पण पक्षी उचलायच्या दिवशी मामा तोंडातून अवाक्षर काढत नसत. अख्खी सकाळ एकेका पक्ष्यामागं वाकून धावत. कंबर धरायची, हॉटेलवाले खोळंबायचे. "हाकारा घाला की," मी म्हणायचो. मामा तोंडावर बोट ठेवायचे.

यंदा मामा गेले. झोपेतच गेले, कुणाला हाक न मारता. शेड आता त्यांचा मुलगा बघतो. त्याचा आवाज बारीक, हाकारा त्याला जमत नाही. पण मामांचा हाकारा त्यानं कधीतरी फोनवर घेऊन ठेवला होता. परवा भरडा पोचवायला गेलो तेव्हा खाणं घालायला त्यानं दारात उभं राहून तो लावला. "हाऽऽऽ हो!" लावे धावत आले. मीही दोन पावलं पुढं गेलो असेन.

आज पुन्हा गेलो होतो. हॉटेलची गाडी बाहेर उभी होती. शेडमध्ये मामांचा मुलगा घामाघूम होऊन एकेका लाव्यामागं वाकून धावत होता. फोन त्याच्या खिशातच होता.

"लावायचा की," मी म्हटलं.

त्यानं तोंडावर बोट ठेवलं.