बीजींचं ऊन

बीजी रस्त्यापलीकडे विटांच्या ढिगावर बसल्या होत्या आणि काही केल्या उठायला तयार नव्हत्या.

डिसेंबरचा मधला आठवडा. चंदीगडला खेटून असलेल्या मोहालीतली एयरोसिटी. घराचं काम आमच्या आर्किटेक्ट ऑफिसकडे, प्लॅन माझा. प्लास्टर झालेलं, फरशी पडलेली, रंग तेवढा बाकी. बीजी म्हणजे आमचे क्लायंट गुरप्रीतजी यांच्या आई. हे घर मुळात त्यांच्यासाठीच बांधलं जात होतं आणि त्या आज पहिल्यांदा ते बघायला आल्या होत्या. दहा मिनिटांत त्या सगळ्या खोल्या फिरल्या. प्रत्येक खोलीत एकच प्रश्न.

"पुत्तर, धुप्प कित्थे आ?" ऊन कुठे आहे?

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बीजी, धूप बिलकुल नहीं आएगी. पूरा घर ठंडा रहेगा."

त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शाल घट्ट ओढली, काठी उचलली आणि थेट बाहेर. आमच्या घराची सावली अख्खा रस्ता ओलांडून गेली होती. जिथे ती संपत होती तिथे समोरच्या रिकाम्या प्लॉटवर विटा रचलेल्या होत्या. बीजी नेमक्या तिथे जाऊन टेकल्या.

"मम्मी, अंदर तो आओ," गुरप्रीतजी विनवत होते.

"अंदर तू रह. मैं पिंजौर ही ठीक हाँ."

गुरप्रीतजींचा चेहरा उतरला. गेल्या हिवाळ्यात बीजी कालका रोडवरच्या पिंजौर गावी, आपल्या घरी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. घरात दुसरं कुणी नाही. शेजारणीला आवाज ऐकू गेला तो तासाभरानं. चंदीगडच्या सेक्टर बत्तीसमधल्या सरकारी हॉस्पिटलात पायाला प्लास्टर झालं, दीड महिना गेला. त्यानंतर गुरप्रीतजींनी ठरवलं की आता आईला एकटं ठेवायचं नाही. म्हणून हा प्लॉट, म्हणून हे घर. लोहडीला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, गृहप्रवेश ठरला होता. आणि बीजी विटांवर बसून सांगत होत्या की मी येत नाही.

आता माझी बाजू ऐका. मी नागपूरची. नवरा एअर फोर्समध्ये, त्यामुळे दर तीन वर्षांनी नवं गाव, नवं ऑफिस. चंदीगडला आम्ही एप्रिलमध्ये उतरलो. मे महिन्यात सोधी मॅडमच्या ऑफिसात मी लागले आणि पहिलंच काम हातात पडलं ते हे घर. मे-जूनची चंदीगडची दुपार म्हणजे नुसती भट्टी. साइटवर जाऊन आलं की डोकं भणाणायचं. गुरप्रीतजी स्वतः घाम पुसत म्हणाले होते, "मॅडमजी, बस गर्मी से बचा लो."

म्हटलं, बाप्पा, हे तर माझ्या घरचं काम! नागपूरच्या माणसाला उन्हापासून कसं लपायचं हे शिकवायला लागत नाही. मी दक्षिणेची बाजू सरळ बंद करून टाकली. स्टोअर, कपडे धुण्याची खोली, एक टॉयलेट, सगळं तिकडे. आमच्याकडे याला बफर म्हणतात. ज्या खोल्यांत कुणी बसत नाही त्या उन्हाच्या बाजूला ठेवायच्या, म्हणजे आतल्या खोल्या गार राहतात. बीजींची खोली उत्तरेला, रस्त्याकडे. दक्षिणेला घराच्या मागे एक छान पार्क होता. त्या पार्ककडे तोंड करून मी वॉशिंग मशीन बसवलं होतं. आज सांगतानाही लाज वाटते.

बरं, मला येत नव्हतं अशातला भाग नाही. उन्हाळ्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी ऊन आत येत नाही. हिवाळ्यात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो, खालून जातो, आणि ऊन छज्ज्याखालून खोलीत शिरतं. उत्तरेच्या खोलीला तेव्हा एक किरण मिळत नाही. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला त्यात चांगले मार्क होते! पण नागपूरच्या हिवाळ्यात स्वेटर पेटीतून निघतो आणि चार दिवसांत परत जातो. उत्तरेतली थंडी मी फक्त ऐकून होते.

संध्याकाळी घरी येऊन नवऱ्यापुढे चिडचिड केली. "आधी म्हणे गरमी से बचाओ, आता म्हणे ऊन कुठे आहे! यांना नक्की हवंय काय?"

तो रजईत गुरफटून चहा पीत होता. म्हणाला, "तू मोहालीत नागपूरचं घर बांधलंस, वैशाली."

"गप बस."

"बसतो. हीटर जरा इकडे सरकव."

हीटर मी माझ्याचकडे ठेवला. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सोधी मॅडमसमोर उभी राहिले. बाईंना या शहरात घरं बांधून तीस वर्षं झाली. प्लॅन त्यांनीही पाहिला होता, पण उन्हाळ्यातच. त्यांनी परत एकदा ड्रॉइंग पसरलं आणि कपाळावर हात मारला.

"यार, ये मैंने साइन कैसे किया?"

"मॅडम, मी बदलून देते."

"क्या बदलोगी? घर घुमाओगी?"

"भिंती पाडीन."

त्यांनी ड्रॉइंग गुंडाळलं. मग म्हणाल्या, "पहले बीजी से पूछो उन्हें चाहिए क्या. मुझसे मत पूछो, गुरप्रीत से भी नहीं. पिंजौर जाओ."

शनिवारी सकाळी बसनं पिंजौर गाठलं. बीजींचं घर जुनं, बैठं, मध्ये अंगण. मी म्हटलं, बीजी, आज तुम्ही दिवसभर जे करता ते करा, मी नुसती बघत बसते. त्यांना वाटलं पोरीचं डोकं फिरलंय. पण पराठा वाढला, वर लोण्याचा गोळा, आणि त्यांचा दिवस सुरू झाला.

त्यांच्याकडे एक मूढा होता. मूढा म्हणजे बोरूसारख्या सरकंड्याच्या काड्यांचं, सुतळीनं बांधलेलं बसायचं आसन. सकाळी नऊला मूढा पश्चिमेच्या भिंतीशी. तिथे चहा आणि गुरुद्वाऱ्याच्या लाउडस्पीकरवरची बानी, म्हणजे गुरूंची वचनं. दहाला मूढा चार हात सरकला, मटार सोलायला. अकराला आणखी पुढे, मेथी निवडायला. मग शेजारणी आल्या, शेंगदाणे आणि तिळगुळाची गजक आली, सगळ्या जणी उन्हाबरोबर सरकत राहिल्या. कुणी ठरवत नव्हतं, कुणी घड्याळ बघत नव्हतं. गप्पा चालू आणि बूड हलतंय. मी खडू घेऊन मूढ्याच्या प्रत्येक जागेवर खूण करत होते आणि बाजूला वेळ लिहीत होते. बायका हसून हसून बेजार झाल्या.

"ए की कर रही आ?" एकीनं विचारलं. ही काय करतेय?

"इंजीनियर आ," बीजी म्हणाल्या. "धुप्प लभ रही आ." ऊन शोधतेय.

मी आर्किटेक्ट आहे, इंजीनियर नाही, असं सांगायची ही वेळ नव्हती.

अंगणाच्या कोपऱ्यात एक झाड होतं. नुसत्या काड्या, एक पान नाही. मी सहानुभूतीनं विचारलं, "बीजी, ये पेड़ सूख गया?"

यावर तर त्यांनी डोळे पुसेपर्यंत हसून घेतलं. तो शहतूत होता, आपली तुती. उन्हाळ्यात अंगणभर गर्द सावली. थंडी पडली की पानं टाकून मोकळा, खाली सगळं ऊन बायकांना. "सयाणा आ," बीजी म्हणाल्या. शहाणं आहे झाड. मी एयरोसिटीच्या मागच्या अंगणात अशोकाची रांग लावायला सांगितली होती. बारा महिने हिरवीगार, भिंतीसारखी. महिनाभर कॉम्प्युटरवर बसून मला जे जमलं नाही ते हे झाड दर वर्षी बिनबोभाट करत होतं.

निघताना मी धीर करून विचारलं, "बीजी, मी खोली बदलून दिली तर याल?"

त्यांनी मूढा उचलून भिंतीशी ठेवला. मग म्हणाल्या, "पुत्तर, रात को डर मुझे भी लगता है. पर सारा दिन अंधेरे में बैठूँ, तो वो भी क्या जीना?"

बसमध्ये परत येताना माझे डोळे भरून आले. मांडीवर वही उघडली आणि कालका रोडच्या खड्ड्यांतच नवा प्लॅन काढला.

आजकालच्या घराचं वजन कॉलम आणि बीम पेलतात. विटांच्या भिंती बऱ्याचदा नुसत्या आडोशाला असतात. कॉलमला हात लावायचा नाही, भिंत पाडता येते. स्टोअर आणि कपडे धुण्याची खोली यांच्यामधली भिंत काढली की पार्ककडे तोंड असलेली ऐसपैस खोली मिळत होती. टॉयलेट तिथेच होतं, ते बीजींचं झालं. मागची भिंत फोडून मोठी खिडकी. तिची खालची कड जमिनीपासून फक्त दीड फूट, म्हणजे तिथे बसताही येईल. शेजारी अंगणात उतरायला दार, मध्ये पायरी नाही, घसरायची भीती नाही. पुढची गारठलेली खोली गुरप्रीतजींना, ऑफिसच्या कामासाठी. "मैं तो वैसे भी एसी में बैठता हूँ," ते म्हणाले. भला माणूस!

मिस्त्री मात्र वैतागला. स्वतः चढवलेली भिंत पाडायला कुणाला आवडेल? "मॅडम, पहले सोच लेते तो..." म्हणत त्यानं घण उचलला. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. बोलायला तोंड होतं कुठे! तीन आठवडे मी साइटवरच होते. खिडकी बसली त्या दुपारी मी खडूनं फरशीवर उन्हाची कड आखली. बारा वाजता ऊन खोलीत दहा फूट आत आलं होतं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणि मग धुकं आलं.

ज्यांनी जानेवारीतलं चंदीगड पाहिलंय त्यांना सांगायला नको. सात दिवस सूर्य नाही. विमानं रद्द, नवरा घरी, सगळं शहर करड्या दुधात बुडालेलं. लोहडी उजाडली तीही तशीच. अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना, झाली, कडाह प्रसादाचा शिरा वाटला गेला. बीजी सगळ्यांच्या मागून हळूहळू आल्या. मागे गुरप्रीतजी, डोक्यावर तो मूढा.

मी बीजींना खोलीत नेलं. खिडकीतून पार्कसुद्धा दिसत नव्हता. मी बडबडत सुटले. "बीजी, यहाँ से आती है धूप, सच में, मैंने खुद देखी है, दस फुट अंदर तक, ये देखो निशान..." आणि वाकून फरशीवरची खडूची रेघ दाखवायला लागले. रेघ पुसली गेली होती. सकाळीच कुणीतरी पोछा मारला होता.

गुरप्रीतजी मूढा घेऊन दारात उभे. सोधी मॅडम छताकडे बघत उभ्या.

बीजींनी खिडकीच्या कडेवरून हात फिरवला. दार उघडलं, बंद केलं. बाहेर अंगणात पाहिलं. अशोकाची रोपं मी काढून टाकली होती आणि मधोमध खड्डा खणून ठेवला होता. मग त्यांनी मूढा मागितला, खिडकीपासून दोन हातांवर ठेवला आणि बसल्या.

"बीजी, आज धूप नहीं है," मी रडवेली होऊन म्हटलं.

"आज नहीं तो कल निकलेगी," त्या म्हणाल्या. "ओहदे औण दी थां तां है." उन्हाला यायला जागा तर आहे.

गुरप्रीतजी बाहेर गेले आणि गाडीतून आईची ट्रंक घेऊन आले. मागोमाग ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं तुतीचं रोप. म्हणजे बाईंनी यायचं आधीच ठरवलं होतं! मला उगाच तासभर टांगून ठेवलं. मी तसं म्हटल्यावर त्यांनी माझा गाल ओढला.

ऊन चौथ्या दिवशी पडलं. सोधी मॅडमच्या फोनवर गुरप्रीतजींनी फोटो पाठवला. मूढा, मटारची परात, आणि पार्कमधून ओळख काढून आणलेल्या तीन नव्या मैत्रिणी.

पुढे नवऱ्याची बदली आसामला झाली. तिथल्या पहिल्या क्लायंटनं किती बेडरूम हव्यात याची यादी पुढे केली. मी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "वो बाद में. पहले बताइए, आपके घर के बुज़ुर्ग दिनभर कहाँ बैठते हैं?"

तो गोंधळून म्हणाला, "ये तो मैंने कभी देखा नहीं."

"मग बघून या," मी चक्क मराठीतच म्हटलं, आणि ड्रॉइंगची वही मिटली.