सिस्टरची दुसरी छत्री

"उद्या" हा शब्द तोंडातून निघाला की सिस्टरचं उजव्या हाताचं बोट आपोआप छताकडे जायचं. "उद्या अळूच्या वड्या करते भाऊ, प्रभूची इच्छा असली आणि आपण असलो तर." अळूच्या वड्यांना एवढी मोठी अट घालणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. बेंगळुरूच्या येलहंक्यात आमच्या समोरच्याच दारात राहायच्या त्या.

नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. नर्सच्या नोकरीसाठी तरुणपणी बेंगळुरूला आल्या, इथेच लग्न झालं, इथेच निवृत्त झाल्या. मूलबाळ नव्हतं. यजमान आम्ही राहायला यायच्या आधीच वारलेले. त्यांना कोणी नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. अख्ख्या बिल्डिंगच्या त्या सिस्टर.

मी सरकारी कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होतो. पुढच्या वर्षांचे तक्ते करण्यातच माझी हयात गेली, त्यामुळे हे "आपण असलो तर" मला फार गमतीचं वाटायचं. एकदा म्हटलं, "सिस्टर, आमच्या तक्त्यात ही ओळ घातली तर साहेब मला घरी बसवतील."

"घाला हो," त्या म्हणाल्या. "बाकी तक्ता चुकेल, तेवढी ओळ चुकायची नाही."

आणि खरी मजा पुढेच आहे. सगळं देवावर सोपवणाऱ्या या बाईंइतकी तयारी बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाची नसायची. घरात प्रत्येक गोष्ट दोन. सिलिंडर दोन, टॉर्च दोन, पाण्याची पिंपं दोन, दारामागे छत्र्या दोन. टँकर आला नाही की सगळे सिस्टरच्या दाराशी. पण एकट्या बाईला दोन छत्र्या कशाला, हे मला उमगत नव्हतं.

त्यातली दुसरी छत्री बहुतेक वेळा जोसेफकडे असायची. जोसेफ आमचा वॉचमन, झारखंडचा. बायको फूलमनीबरोबर गेटजवळच्या खोलीत राहायचा. रविवारी दोघं सिस्टरबरोबरच चर्चला जायची. माणूस गुणी, पण उद्या नावाची गोष्ट त्याच्या गावीही नव्हती. मेणबत्ती आहे तर माचिस नाही, ढग भरून आलेत तर छत्री नाही. सिस्टर त्याला आपल्या नगरी हिंदीत झापायच्या.

"अरे, नाम जोसेफ! बायबल में उस जोसेफ ने पूरे देश के वास्ते सात साल का अनाज भर के रखा. और तू कल की माचिस नहीं रखता?"

तो हसायचा आणि त्यांच्याकडूनच माचिस घेऊन जायचा.

शेवटी एकदा मी विचारलंच, हे दोन-दोन काय प्रकरण आहे. 'थोडं'ला कानडी 'स्वल्प' म्हणायची सवय लागलेल्या सिस्टर म्हणाल्या, "स्वल्प बसा, सांगते. प्रभूने सांगितलेली गोष्ट आहे. लग्नघर आहे. दहा मुली दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघतायत. पाच शहाण्या, त्यांनी जास्तीचं तेल आणलंय. पाच वेड्या, त्यांनी आणलेलं नाही. नवरदेवाला उशीर होतो, वेड्यांचे दिवे विझायला लागतात. त्या तेल मागतात, तर शहाण्या म्हणतात, आम्हालाच पुरायचं नाही, जा, विकत आणा. त्या जातात, तेवढ्यात नवरदेव येतो आणि दार बंद होतं."

"म्हणजे माणसाने तयारीत राहावं," मी खात्यातल्या सवयीने सारांश काढला.

"तोच धडा. लहानपणापासून ऐकतेय. पण भाऊ, त्या दाराबाहेर राहिलेल्या पाच जणी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. गोष्ट प्रभूची आहे, मी कोण बोलणार? वर गेले की विचारीन. तोवर आपली दोन-दोन ठेवते. एक माझं, एक वेडीचं."

मी हसलो.

एका रविवारी त्या मला आणि बायकोला त्यांच्या चर्चच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. इथे लोक नवा फ्लॅट दाखवतात ना, अगदी त्याच उत्साहाने त्यांनी यजमानांच्या थडग्याशेजारची मोकळी जागा दाखवली. यजमान गेले तेव्हाच घेऊन ठेवलेली. "सकाळचं ऊन येतं, नळ जवळ आहे, आणि शेजार ओळखीचा," त्या म्हणाल्या. "ताबा कधी मिळणार, तेवढं मात्र बिल्डरने सांगितलेलं नाही." मग यजमानांच्या दगडावरची पानं झाडता झाडता हळूच म्हणाल्या, "बाकी काही मागत नाही मी. शेवटी इथे, यांच्याजवळ." त्या वेळी त्यांचं बोट वर गेलं नाही. या एका गोष्टीला त्यांनी अट घातलेली नव्हती.

आणि एका सकाळी जोसेफ झोपेतून उठलाच नाही. काही दुखणं नाही, खुपणं नाही.

पार्किंगमध्ये आम्ही सगळे जमलो. फूलमनी भिंतीला टेकून बसली होती, तिला रडूही येत नव्हतं. गावी न्यायचं म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, ते जमण्यासारखं नव्हतं. चर्चचे पास्टर आले होते. त्यांनी सांगितलं, इथली दफनभूमी भरली आहे, ज्यांनी आधी जागा घेऊन ठेवल्यात त्यांनाच मिळते. नवी जागा विमानतळाच्याही पलीकडे. ते ऐकून फूलमनी पहिल्यांदा बोलली, "इतना दूर? फिर मैं मिलने कैसे जाऊँगी?"

"माझी जागा आहे ना," सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सिस्टर, छत्री दिलीत, पाणी दिलंत, ते ठीक. ते दोन-दोन होतं. ही जागा तुमच्याकडे एकच आहे."

"हो ना," त्या म्हणाल्या. "इथेच माझं प्लॅनिंग चुकलं बघा. दोन घ्यायला हव्या होत्या." त्यांनी फूलमनीकडे पाहिलं. "मला भेटायला कोण यायचंय, भाऊ? हिला मात्र दर रविवारी यायचंय. हिला दाराबाहेर कशी ठेवू?"

इतकी वर्षं ज्या बाईंची मी थट्टा करत होतो, त्या तेव्हा मला इतक्या मोठ्या वाटल्या की त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी जोसेफला तिथे ठेवलं. सकाळचं ऊन येणारी, नळाजवळची जागा. सगळे पांगल्यावर सिस्टर यजमानांच्या दगडाशी वाकल्या. मी मागेच होतो, म्हणून ऐकू आलं. "अहो, स्वल्प सरका हं. पाहुणा आलाय."

त्यानंतर काही वर्षं दर रविवारी त्या आणि फूलमनी मिळून दोन्ही थडगी पुसायच्या. सिस्टर कधी हळहळल्या नाहीत. वड्या करायच्या, बोट वर करायच्या, दारामागे दोन छत्र्या असायच्या. मग गेल्या वर्षी त्याही गेल्या, आणि त्यांना विमानतळाच्या पलीकडे न्यावं लागलं. ओळखीचा शेजार नाही, नळही लांब. मला ते अजून सोसत नाही.

परवा त्यांना जाऊन वर्ष झालं. मी आणि फूलमनी बसने गेलो. ती अजून आमच्याच बिल्डिंगमध्ये घरकाम करते. सकाळी ती दोन्ही थडगी पुसून आली होती. मी फुलं, मेणबत्त्या, परतीच्या बसची वेळ, सगळं नीट ठरवून निघालो होतो. सिस्टरच्या दगडापाशी पोचलो आणि पाऊस कोसळला.

फूलमनीने पिशवीतून छत्री काढून उघडली. मग पिशवीत पुन्हा हात घातला आणि दुसरी काढली. ओळखीची, सिस्टरच्या दारामागची.

"लीजिए भैया," ती म्हणाली. "एक मेरा. एक जो नहीं लाया, उसका."

मी छत्री घेतली, उघडली, आणि सिस्टरसमोर त्या पाच वेड्या जणींच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.